‘मुलगी किती शहाणी आहे हो तुमची’ : मोठ्यांच्या वॉर्डातल्या डॉक्टर, सिस्टर आणि सोशल वर्कर मंडळींना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

तुम्ही मोठ्यांच्या वॉर्डात काम करता. कॅन्सर, किडनी, हार्ट, मानसोपचार, जे काही असेल ते. तुमचा पेशंट म्हणजे बेडवर झोपलेला तो एक माणूस, हे मला समजतं. ॲडमिशनच्या वेळी तुम्ही वय विचारता, वजन विचारता, ॲलर्जी, शुगर, बीपी, आधीची ऑपरेशन्स सगळं विचारता. मुलं आहेत का हेही कधीकधी विचारता, पण ते बहुतेक घरी कोण आहे आणि सही कोण करणार हे कळावं म्हणून, आणि त्या उत्तराचं पुढे काहीच होत नाही. मला त्या उत्तराबद्दलच बोलायचंय. त्यातही एका विशिष्ट प्रकारच्या मुलांबद्दल, म्हणजे ज्यांना आधी कधीतरी सांभाळणाऱ्या माणसापासून तुटावं लागलंय अशा मुलांबद्दल, कारण बाकीच्या मुलांचं जे निभावून जातं ते या मुलांचं जात नाही, आणि तुम्हाला ते दिसतही नाही, कारण ही मुलं तुमच्यासमोर फार छान वागतात.

माझी बायको तुमच्यासारख्याच एका वॉर्डात बरेच महिने येऊन-जाऊन होती. कुठल्या ते सांगत नाही, गरज नाही, ट्रीटमेंट चांगली झाली आणि त्याबद्दल तक्रार नाही. आमची लेक दत्तक, आमच्याकडे आली तेव्हा जवळजवळ चार वर्षांची होती. त्याआधी तिचं काय काय झालं त्यातलं थोडंसं कागदावर आहे, बरंचसं नाही. एवढं नक्की माहितीये की तिला सांभाळणारी माणसं बदलत गेली आणि बदलताना तिला कुणी काही सांगितलं नाही. आई आजारी पडली तेव्हा ती नऊ वर्षांची होती, म्हणजे आमच्या घरात रुळून बराच काळ झालेला, आम्हालाही वाटायला लागलेलं की आता ते जुनं मागे पडलं. ते मागे पडत नाही हो. ते दबा धरून बसतं.

अटॅचमेंट हा शब्द तुम्ही शिकताना एखाद्या लेक्चरला ऐकला असेल आणि परीक्षेनंतर सोडून दिला असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. जॉन बोल्बी नावाच्या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी एक रिपोर्ट लिहिला, त्यात म्हटलं की लहान मुलाला आईशी किंवा तिच्या जागी कायम असणाऱ्या माणसाशी उबदार, सलग नातं मिळणं त्याच्या मनाच्या आरोग्यासाठी लागतंच. साध्या भाषेत, बाळ घाबरलं की एका ठराविक माणसाकडे धाव घेतं, तो माणूस जवळ घेतो, भीती उतरते, बाळ परत खेळायला जातं. हे हजारो वेळा झालं की मुलाच्या अंगात मुरतं की घाबरलो तरी कुणीतरी आहे. ज्या मुलाच्या वाट्याला तो माणूसच आला नाही, किंवा आला आणि गेला, किंवा तोच भीतीदायक निघाला, ते मूल वेगळं काहीतरी शिकतं. कुणी शिकतं की गरज दाखवायचीच नाही. कुणी चिकटून बसतं आणि तरी विश्वास ठेवत नाही. कुणी सगळा कारभार आपल्याच हातात घेतं.

आता या मुलाची आई आजारी पडली की काय होतं बघा. घाबरलं की आईकडे जायचं एवढं एक त्या पोराने मोठ्या मुश्किलीने शिकलेलं असतं, आणि आता भीती वाटतेय ती आईकडे बघूनच. जिच्याकडे पळायचं तीच भीतीचं कारण. मग पळायचं कुठे? साध्या मुलालाही हा पेच पडतो, पण त्याच्या गाठीशी बरीच वर्षं असतात जिथे आई दर वेळी परत आलेली असते. या मुलांच्या गाठीशी असतं ते उलटं. त्यांच्यासाठी आईचा आजार ही बातमी नसते, त्यांना आधीपासून माहीतच होतं की माणसं जातात, आता फक्त तारीख कळली.

कुणी म्हणेल फाइलमधे तसं लिहिलेलं असेल तर आम्ही लक्ष देऊ. नसतं लिहिलेलं. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या मॅन्युअलमधे, म्हणजे २०१३ च्या डीएसएम-५ मधे, अटॅचमेंटशी जोडलेली दोन निदानं आहेत. एकात मूल घाबरलं तरी कुणाकडे सांत्वनासाठी जातच नाही, दुसऱ्यात अनोळखी माणसाशीही लगेच अंगचटीला जातं. दोन्ही दुर्मिळ. ज्या मुलांबद्दल मी बोलतोय त्यातल्या बहुतेकांना असलं कुठलंच लेबल नसतं, त्यांना फक्त ‘हट्टी’, ‘अलिप्त’, ‘लाघवी’, ‘अकाली प्रौढ’ असली विशेषणं असतात. आणि ही फक्त दत्तक मुलं असतात असंही नाही. ज्याच्या पहिल्या वर्षात आई गंभीर डिप्रेशनमधे होती ते मूल, ज्याच्या घरात मारहाण होती ते, जे या नातेवाइकाकडून त्या नातेवाइकाकडे फिरत राहिलं ते. उलट कित्येक दत्तक मुलं छान घट्ट बांधलेली असतात. म्हणून लेबल शोधत बसू नका, एक प्रश्न विचारा: या मुलाला आधी कधी सांभाळणाऱ्या माणसापासून तुटावं लागलंय का? बस, एवढाच.

आता मूळ मुद्दा. आमच्या त्या वॉर्डातल्या एका सिस्टरने माझ्या मुलीकडे बघून कौतुकाने म्हटलं, किती शहाणी आहे हो, एकदासुद्धा रडली नाही. त्यांचा हेतू चांगला होता, मी हसलो. पण हे वाक्य तुमच्या व्यवसायाने आधी एकदा म्हटलेलं आहे आणि तेव्हा ते चुकीचं ठरलेलं आहे, हे तुम्हाला कुणी शिकवलं नाही याचं मला आश्चर्य वाटतं.

जेम्स रॉबर्टसन म्हणून एक गृहस्थ होते, बोल्बींबरोबर काम करायचे. त्या काळी लहान मूल हॉस्पिटलमधे ठेवलं की आईवडिलांना भेटायला फार कमी वेळ द्यायचे, कारण काय तर आई दिसली की मूल रडतं आणि वॉर्ड डिस्टर्ब होतो. रॉबर्टसननी बघितलं की आधी मूल आकांत करतं, मग काही दिवसांनी खचतं, आणि मग एक तिसरी पायरी येते जिथे ते शांत होतं, खेळतं, नर्सशी बोलतं, आणि आई आली तरी तिच्याकडे फारसं बघत नाही. वॉर्डातली मंडळी म्हणायची, बघा, रुळलं. रॉबर्टसन म्हणाले रुळलेलं नाही, तुटलंय. कुणी ऐकेना, म्हणून १९५२ मधे त्यांनी एका दोन वर्षांच्या मुलीच्या हॉस्पिटलमधल्या आठ दिवसांची फिल्मच काढली. ती बघून डॉक्टर मंडळी आधी चिडली, आमच्या बदनामीसाठी काढलीय म्हणाली. पण १९५९ साली ब्रिटनमधे सरकारी समितीचा रिपोर्ट आला, प्लॅट रिपोर्ट म्हणतात त्याला, आणि त्यात मुलांच्या वॉर्डात आईवडिलांना भेटायची मोकळीक द्या अशी शिफारस झाली. आज कुठलीही सिस्टर दोन वर्षांच्या पेशंटला आईपासून तोडणार नाही.

म्हणजे मूल पेशंट असताना तुम्ही हे शिकलात. आई पेशंट असली की तेच शिकलेलं कुठे जातं? ताटातूट तीच आहे, मूल तेच आहे, फक्त बेडवरचं माणूस बदललं. आणि शांत बसलेल्या मुलाला परत ‘शहाणं’ म्हणायला सुरुवात.

मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंचा तो प्रसिद्ध प्रयोग तुम्हाला माहीत असेल. साधारण एक वर्षाची बाळं, अनोळखी खोली, आई दोनदा बाहेर जाते, फार तर तीन-तीन मिनिटं, आणि परत येते. काही बाळं आई गेल्याचं जणू लक्षातच आलं नाही असं दाखवतात आणि ती परत आली की तोंड फिरवून खेळण्यात डोकं घालतात. पुढे काही संशोधकांनी अशा बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले, ते वाढलेले निघाले. बाहेरून दगड, आत धडधड. तुम्ही मॉनिटर वाचणारी माणसं आहात, चेहऱ्यावर विश्वास ठेवून पेशंटला घरी पाठवत नाही, मग पोरांच्या बाबतीतच चेहरा का प्रमाण मानता?

आमच्या घरी हे कसं दिसलं ते सांगतो. पहिल्या ॲडमिशनच्या आदल्या रात्री बायको बॅग भरत होती. टॉवेल, चार्जर, फाइल, समोर उघडणारे गाऊन. लेक दारात उभी राहून बघत होती, काही बोलली नाही, निघून गेली. थोड्या वेळाने मी तिच्या खोलीत गेलो तर तिची शाळेची बॅग रिकामी करून तिने तिचे कपडे भरलेले, खाली दोन फ्रॉक, वर स्वेटर, बाजूच्या कप्प्यात ब्रश, आणि आमच्या तिघांचा फ्रेममधला फोटो काढून वहीत घातलेला. मी विचारलं कुठे चाललीस, तर अगदी शांतपणे म्हणाली, ‘मला कुठे ठेवणार ते सांगितलं की पटकन निघता येईल ना.’ रडणं नाही, राग नाही. आजीने आईसोबत हॉस्पिटलमधे जायला बॅग भरली असती तशी. मी तिथेच खाली बसलो आणि सांगितलं की तू याच घरात राहणार, आई इथेच परत येणार, आई येईपर्यंत मी आणि आजी असणार, दुसरं कुणी नाही. तिने ऐकून घेतलं आणि बॅग तशीच ठेवली. पुढे कितीतरी दिवस ती भरलेलीच होती, आम्ही ती उपसायला सांगितली नाही. ती तिची सोय होती, असू दे म्हटलं.

तेव्हा मला कळलं की अशा मुलाचा पहिला प्रश्न ‘आईचं काय होणार’ हा नसतोच. ‘माझं काय होणार’ हा असतो. तुमच्यातल्या काहींना तो स्वार्थी वाटतो, एका काउन्सेलरनेही तसं सुचवलं. स्वार्थी नाहीये तो. ज्याला आधी एकदा उचलून दुसरीकडे नेलंय त्याने तो प्रश्न आधी विचारलाच पाहिजे. आणि त्याला उत्तर हवं ते नावासकट. ‘आम्ही सगळे आहोत ना’ हे उत्तर नाही. सगळे म्हणजे कुणीच नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं. सकाळी कोण उठवणार, शाळेतून कोण घेणार, रात्री खोलीत कोण झोपणार, आणि ते माणूसच आजारी पडलं तर त्याच्यानंतर कोण. होय, तेही विचारलं तिने.

म्हणून नातेवाईक मंडळी मदतीला धावतात तेव्हा त्यांना जरा आवरा, आणि हे तुम्ही सांगितलंत तर ऐकतात, घरच्याने सांगितलं तर राग येतो. आज आत्या, उद्या मावशी, परवा शेजारच्या काकू, सगळ्या मायेने येतात, आणि साध्या मुलाला त्यात मजाही वाटते. या मुलाला वाटतं, झालं सुरू, परत माणसं बदलायला लागली. दहा प्रेमळ माणसांपेक्षा एकच, रोज, त्याच वेळेला येणारं, थोडं कंटाळवाणं असलं तरी चालेल असं माणूस त्याला जास्त धरून ठेवतं.

शांत मूल झालं, आता दुसरं रूप. वॉर्डबाहेरच्या बाकड्यावर आमची लेक सगळ्यांची लाडकी झाली. कुणाच्याही शेजारी जाऊन बसायची, एका अनोळखी बाईंच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली, वॉर्डबॉयचा हात धरून लिफ्टने खाली जाऊन आली. सगळे म्हणाले किती माणसाळलेली. माझ्या पोटात गोळा आला, कारण आमच्याकडे आली तेव्हा ती अशीच होती आणि मग हळूहळू ते थांबलं होतं. रुमानियात संस्थांमधे वाढलेल्या मुलांवर २००० सालापासून बुखारेस्टमधे मोठा अभ्यास झाला, त्यात दिसलं की चांगल्या कुटुंबात गेल्यावर मुलांचं ते अबोल, कुणाकडेच न जाणं बऱ्यापैकी निवळतं, पण हे अनोळखी माणसाला बिलगणं चिवट असतं. तणाव आला की आमच्याकडे ते परत डोकं वर काढतं. तेव्हा वॉर्डात एखादं मूल पहिल्याच भेटीत तुमच्या मांडीवर आलं तर त्याला झिडकारू नका, पण सवयही लावू नका, हात धरून त्याच्या माणसाकडे आणून सोडा आणि म्हणा, ‘हे बघ, तुझे बाबा इथे आहेत.’ आणि सुरक्षेचा प्रश्नही आहेच, असलं मूल कुणाहीबरोबर जाईल.

तिसरं रूप सगळ्यात फसवं. मूल आईची आई होतं. गोळ्यांच्या वेळा पाठ, सलाइन संपत आलं की सिस्टरला हाक मारणारं तेच, आईने उलटी केली की भांडं धरणारं तेच, रात्री उठून आईच्या नाकाखाली बोट धरून श्वास चालू आहे का बघणारं तेच. ज्या मुलांचं अटॅचमेंट लहानपणी विस्कटलेलं असतं त्यातली बरीच मुलं सहाएक वर्षांची होईपर्यंत आईवडिलांवर ताबा ठेवायला शिकतात, हे संशोधनात पूर्वीच दिसलंय. काही हुकूम सोडून, काही सेवा करून. सेवा करणाऱ्यांना आपण बक्षीस देतो, हुकूम सोडणाऱ्यांना शिक्षा, आणि आतून दोघं एकच करत असतात, मी लक्ष ठेवलं नाही तर ही जाईल या भीतीने पहारा देत असतात. तुम्ही काय करू शकता? मदत बंद करू नका, ती काढून घेतली तर मूल सैरभैर होतं. फक्त त्या मदतीला एक हद्द घालून द्या. ‘पाण्याची बाटली भरून आणणं तुझं काम, गोळ्यांचं काम माझं. मी रात्रभर जागी असते, मला त्याचा पगार मिळतो.’ हे वाक्य एका नाइट ड्युटीच्या सिस्टरने म्हटलं होतं आणि त्या रात्री घरी येऊन पोर गाढ झोपली. त्या माउलीला कदाचित माहीतही नसेल तिने काय केलं.

आता थोडं ट्रीटमेंटबद्दल, कारण तुम्हाला जे साइड इफेक्ट वाटतात ते या मुलाला वेगळेच दिसतात. केमोनंतर साधारण दोन-तीन आठवड्यांत केस गळायला लागतात, वास बदलतो, चेहरा बदलतो, स्टेरॉइडमुळे आई चिडते. मुलाच्या लेखी आई बदलली, आणि त्याच्या आयुष्यात आई ‘बदलण्याचा’ अर्थ फार वेगळा आहे. पांढऱ्या पेशी कमी होतात तेव्हा तुम्ही म्हणता मुलांना जवळ येऊ देऊ नका. थायरॉइडसाठी रेडिओॲक्टिव्ह आयोडिन दिलं की काही दिवस लांब राहायला सांगता. बरोबरच आहे, पण ते कसं सांगता? ‘आईला हात लावू नकोस, आईला त्रास होईल’ हे ऐकून या मुलाला एकच कळतं, मी धोकादायक आहे, माझ्यामुळे होतंय. बहुतेक मुलांच्या मनात कुठेतरी असतं की मी त्रास दिला म्हणून आई आजारी पडली, पण या मुलांचा तर जुना पक्का समज असतो की माझ्यामुळे माणसं निघून जातात. म्हणून जरा उलटं सांगा. ‘औषधाने आईची जंतूंशी लढायची ताकद थोडे दिवस कमी झालीय, म्हणून आम्ही सगळेच लांब राहतो, डॉक्टरही मास्क लावतात. तू काही केलेलं नाहीस. आई अमुक रिपोर्ट आला की परत जवळ घेणार.’ आणि लांब राहण्याची एक जागा द्या, हे महत्त्वाचं. ‘लांब’ म्हणजे कुठे? आमच्याकडे दाराच्या उंबऱ्याशी एक स्टूल होतं. तिथून ती आईला दिसायची, आई तिला दिसायची, हात लागायचा नाही पण बोलणं चालू.

रात्री एकदा ताप चढला आणि लगेच निघावं लागलं. आजी म्हणाली झोपू दे पोरीला, उगाच कशाला. आम्ही उठवलं. अर्धवट झोपेत आईने तिला सांगितलं मी हॉस्पिटलला जातेय, सकाळी शाळेच्या आधी फोन करीन. ती रडली, बरंच रडली, पहिल्यांदाच. पण झोपेतून उठून रिकामा पलंग बघणं यापेक्षा ते शंभर पटीने बरं. न सांगता जाणं ही या मुलांची मूळ जखम आहे, कृपा करून कुणालाही ‘मूल झोपलंय तोवर निघा’ असा सल्ला देऊ नका.

आणि तुमचं ते ‘बघू उद्या’. मला माहितीये रक्तातल्या पेशींच्या काउंट्सवर अवलंबून असतं, जंतू शोधणाऱ्या कल्चर रिपोर्टवर असतं, बेडवर असतं. पण ‘उद्या सोडतो’ म्हणायचं आणि मग उद्याचं परवा, परवाचं सोमवार. मोठ्यांना वैताग येतो, या मुलाचा तेवढ्यात आमच्यावरचा विश्वास जातो, कारण तारीख त्याला आम्ही सांगितलेली असते. खोटी आशा मोडण्यापेक्षा खरी अनिश्चितता त्याला पेलते. ‘सकाळी रिपोर्ट येतो, तो बघून ठरवतो, दुपारी दोनपर्यंत तुम्हाला कळवतो’ एवढं सांगा आणि दोनला खरंच कळवा, उत्तर ‘नाही’ असलं तरी. डायलिसिसच्या पेशंटची मुलं बघा, आठवड्यातून तीनदा, चारेक तास, दिवस ठरलेले. आजार भयंकर आहे, पण आईचं जाणं-येणं घड्याळासारखं, त्या मुलाला निदान त्याचा अंदाज बांधता येतो. फिट्स कधीही येतात तिथे मूल दिवसभर ताणलेलं असतं. आजाराची तीव्रता तुमच्या फाइलमधे असते, मुलाला बसणारा फटका अनिश्चिततेत असतो, दोन्ही एक नव्हेत.

मानसोपचारवाल्यांनाही एक सांगायचंय, कारण तिथे मुलं तर आणखीनच विसरली जातात. आई घरातच आहे, समोर बसलीय, पण तिथे नाहीये. एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात एक प्रयोग केला होता, आई बाळाशी खेळता खेळता दोन-तीन मिनिटं चेहरा निर्विकार ठेवते, बाळ आधी हसून, मग हात करून, मग किंचाळून तिला परत आणायचा प्रयत्न करतं आणि शेवटी मान फिरवतं. काही मिनिटांत एवढं. डिप्रेशनमधे हे महिनोन्महिने चालतं. अशा मुलाला कुणीतरी मोठ्याने म्हणून दाखवायला हवं की आईच्या चेहऱ्यावर हसू येत नाहीये ते आजारामुळे, तू आवडत नाहीस म्हणून नाही. हे म्हणायला तज्ज्ञ लागत नाही.

बरं, घरी आल्यानंतरचं. आई बरी होऊन येते, सगळे खूश, आणि तेव्हाच मूल फुटतं. आईकडे बघत नाही, किंवा चावतं, ओरडतं, वस्तू फोडतं, शाळेतून तक्रारी. लोक म्हणतात आता तर सगळं छान झालं, आता काय नाटकं. आधी फुटायला सोय नव्हती हो, आता समोरचं माणूस टिकेल असं वाटायला लागलं म्हणून फुटलं. तुमच्या डिस्चार्ज कार्डवर ताप आला तर काय करा, जखम लाल झाली तर काय करा असतं, त्याखाली एक ओळ टाका: मुलं पुढचे काही आठवडे जास्त त्रास देतील, हे अपेक्षित आहे. त्या एका ओळीने कितीतरी घरांत कितीतरी फटके वाचतील.

आणि ते फुटणं बघून कुणीतरी सल्ला देईलच की मुलाला घट्ट दाबून धरा, रडून रडून मोकळं होईल, अटॅचमेंट जुळेल. असल्या जबरदस्तीच्या थेरपीच्या नावाखाली २००० साली अमेरिकेत दहा वर्षांच्या एका मुलीचा जीव गेलाय. तिथल्या बाल-अत्याचारावर काम करणाऱ्या व्यावसायिकांच्या संघटनेच्या टास्क फोर्सने २००६ मधे असले प्रकार करू नका असं स्पष्ट सांगितलं. रेफर करायचंच तर खेळातून काम करणाऱ्या आणि आईबापांनाही खोलीत घेणाऱ्या माणसाकडे करा.

वेळ नाही, हे उत्तर मला ऐकू येतंय. ओपीडीची रांग मीही बघितलीय. पण नॉर्वेने २०१० मधे कायदाच बदलला, पेशंटला अल्पवयीन मुलं असतील तर त्यांना काय माहिती आणि काय आधार लागेल हे बघणं आरोग्य कर्मचाऱ्यांचं कर्तव्य ठरवलं, आणि हॉस्पिटलमधे त्यासाठी जबाबदार माणसं नेमायला लावली. तिथेही ओपीडीला रांगा असतातच. कायद्याने सगळं जागच्या जागी झालं असं मी म्हणत नाही, पण निदान विचारायचं कुणी हे ठरलेलं आहे. आपल्याकडे ते डॉक्टरला वाटतं सोशल वर्करचं काम, सोशल वर्करला वाटतं सिस्टरचं, सिस्टरला वाटतं घरच्यांचं, आणि घरचे आधीच कोलमडलेले असतात.

सगळ्यात अवघड बोलून टाकतो. काही आईवडील बरे होणार नसतात. तेव्हा ‘मुलाला आत्ता नको सांगायला’ असं घरचे म्हणतील आणि तुम्ही मान डोलवाल, कारण तुम्हालाही ते सोपं पडतं. मृत्यू म्हणजे परत न येणं हे साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान मुलांना समजायला लागतं, त्याआधीही ताटातूट तर समजतेच. या मुलांना एकदा आधीच न सांगता सोडलं गेलंय. दुसऱ्यांदाही तसंच झालं तर तिसऱ्या माणसावर ते मूल विश्वास ठेवेल ही अपेक्षा कुणी करू नये. आई आहे तोवर, तिच्या तोंडून, पुढे सांभाळणाऱ्या माणसाच्या समोर, ‘माझ्यानंतर ही तुला सांभाळणार, मी तिला निवडलंय’ हे ऐकायला मिळालं तर त्या मुलाला सोपवलं जातं, टाकलं जात नाही. त्यासाठी तुम्ही घरच्यांना वेळेत सांगायला हवं, बोलता येईना अशी अवस्था आल्यावर नाही.

तर मागणी एवढीच आहे. तुमच्या ॲडमिशन फॉर्मवर ‘मुले किती’ असा रकाना आहेच, त्याच्या खाली तीन ओळी वाढवा. मुलाला आजाराबद्दल काय सांगितलंय आणि कुणी सांगितलं. घरी रोज त्याच्याजवळ थांबणारं एक माणूस कोण, नाव. आणि आधी कधी सांभाळणाऱ्यापासून तुटलंय का, हो की नाही. ‘हो’ आलं तर सोशल वर्करने पहिल्याच आठवड्यात घरच्यांशी दहा मिनिटं बोलायचं आणि ड्युटी बदलताना सिस्टरांनी एकमेकींना ते सांगायचं, जसं ॲलर्जीचं सांगता तसं. या तीन ओळी टाइप करून मी आमच्या वॉर्डातल्या सोशल वर्करच्या टेबलावर ठेवल्यात. पुढच्या फॉलो-अपला आम्ही येणारच आहोत, तेव्हा त्याचं काय झालं ते विचारीन.

कळावे,
एका पेशंटचा नवरा